तोट्यांचा रकाना

कवठेमहांकाळच्या खालच्या अंगाला
अग्रणी फेब्रुवारीतच उघडी पडते.
तिच्या काठावर आमचं पत्र्याचं ऑफिस,
एक टेबल, एक लॅपटॉप,
आणि फायलीत एक सहा गाळ्यांचा पूल
ज्याचा एकही खांब अजून उभा नाही.

नकाशात प्रत्येक खांबाखाली पाईल, बारा मीटर खोल.
चाचणीच्या खड्ड्यात अडीच मीटरवरच
काळा पत्थर लागला. पहार टणकन उडाली.
जिन्नाप्पा मगदूम वाकून बघत म्हणाले,
"आयतं जोतं हाय की हे! लिव प्रस्ताव.
वाचतंय त्यातलं निम्मं सरकारचं, निम्मं आपलं."

प्रस्ताव म्हणजे नुसतं स्वस्त पडेल म्हणणं नव्हे.
ठरलेलं आणि सुचलेलं समोरासमोर बसवायचं,
सोयरीक ठरताना दोन्हीकडची माणसं बसतात तसं.
कोणतं कलम बदलेल, कोणता नकाशा रद्द,
पूल तेवढंच वजन पेलेल का, तेवढीच वर्षं,
उसाच्या दोन ट्रॉल्या मधोमध अडकून पडल्या तरी.

(सकाळी मगदूम म्हणाले होते, धुण्याच्या पायऱ्या काढ,
दोन लाख सुटतात.
मी विचारलं, बायका कुठनं उतरायच्या
ते कितव्या कलमात लिहू?
त्यांनी बडीशेपेची डबी उघडली, मिटली.
पायऱ्या राहिल्या.)

मग हिशेब. खोदाई, सळई, काँक्रीट,
जुनं वेगळं, नवं वेगळं, एकाच आकड्यात कोंबायचं नाही.
सरकारला वरून काय पडेल तेही:
नव्या डिझाइनची तपासणी, खडकाची चाचणी,
पुढं पुरानंतर दरवर्षी पायथा बघायला येणारा माणूस.
मुदत चाळीस दिवसांनी घटते.
होकार पंधरा मार्चच्या आत हवा,
सोळाला पाईलची मशीन मिरजेहून निघते,
एकदा निघाली की बचत तिच्याच भाड्यात जाते.

बचत: अडतीस लाख.

पुढचा रकाना: ही सूचना याआधी कुणी, कुठे दिली होती का?
मी "नाही" टाईप केलं.
दारात दस्तगीर मुल्ला उभे, हातात चहाची किटली.
"येरळेवर मी बोललो होतो, मॅडम.
खडक वर हाय म्हणलं. सायेब हसले.
बारा वर्षं झाली. कागद न्हाई त्याला."
कर्सर त्या "नाही"पाशी लुकलुकत राहिला.
खोटं नव्हतं ते. खरंही नव्हतं.

त्यांनी पेला पुढं सरकवला आणि म्हणाले,
"चौथ्या खांबाचं बघा तेवढं.
तिथं पहार वाजत न्हाई. बोलती, पर आतनं."
आम्ही बॅटरी घेऊन उतरलो.
पहिल्याला टण. दुसऱ्याला टण. तिसऱ्यालाही.
चौथ्याला, रिकाम्या माठाला बोट लावावं तसा आवाज.
तिथं चीर होती, माझ्या अहवालात नव्हती.

तोट्यांच्या रकान्यात मगदूमांनी लिहायला सांगितलं होतं:
काही नाही.
मी लिहिलं: चौथ्या खांबाखाली खडक दुभंगलेला.
तिथं पाईलच ठेवावी.
बचत: एकतीस लाख.

मगदूम सकाळी वाचत बसले, दोनदा, चष्मा कपाळावर ढकलून.
"तोटं आपणहून सांगायचं? असं कोन करतंय?"
कोणी काही बोललं नाही.
बाहेर कुणीतरी मिक्सर धुवत होतं.
"निम्मं म्हणजे साडेपंधरा," ते स्वतःशीच म्हणाले,
आणि सही केली, शाई फुटेपर्यंत दाबून.

छापील नमुन्यात मिस्त्रीच्या नावाला जागा नसते.
म्हणून परिशिष्ट तीन, पान सात, खालून दुसरी ओळ:
स्थळपाहणी, दस्तगीर मुल्ला, मिस्त्री.
साधन: पहार.

टपाल सांगलीला गेलं.
होकार आला तर कळेलच.
तोवर तीन खड्डे उघडे आहेत,
आणि चौथ्यावर दस्तगीरांनी पत्रा टाकून
त्यावर दोन दगड ठेवलेत.