आधी सैल कर

पक्कड उचलली तशी न्यॉ बाल्ता ओरडले:
थांब! ताठ तार कापायची नसते.
सगळा ताण एकदम सुटला
की गिटारीची मान दचकते,
आणि सुटलेलं टोक डोळा हुडकत येतं.
(त्यांच्या डाव्या भुवईत एक पांढरी चीर आहे.
तिच्याबद्दल ते बोलत नाहीत. ती सगळ्यांना दिसते.)

मिंदेलोत तारा लवकर मरतात.
बंदराचा खारा वारा,
सहारातून समुद्र ओलांडून आलेली पिठूळ धूळ,
वाजवणाऱ्यांच्या बोटांना ट्यूनाचं तेल.
नव्या तारा येतात रॉटरडॅमहून,
कुणाच्या तरी मावशीच्या बॅगेत,
मोज्यांच्या आत, साबणांच्या खाली,
आणि मावश्या काही दर महिन्याला येत नाहीत.
म्हणून वर्षभर मी इथे शिकले
ते जुन्या तारा सोडा घालून उकळायला.
एकदा चुकून काचुपाच्या पातेल्यात उकळल्या.
ते आठवडाभर जेवताना माझ्याकडे बघत होते.

आज झुल्मिरा आली, चादरीत गुंडाळलेली गिटार घेऊन.
भावाची. अदेरितोची.
तो बोटीवर गेला त्याला अकरा वर्षं झाली.
तारा बदला, म्हणाली.
आणि लगेच: पण कापू नका.

न्यॉ बाल्तांनी गिटार मांडीवर घेतली,
दात दुखणाऱ्या पोराला घ्यावं तशी.
तारा तपकिरी, हात लावला की बोटाला गंज.
दुसऱ्या पट्टीपाशी लाकूड जरासं खोलगट,
तिथे त्याची बोटं बसायची.
पुसून घेऊ? मी विचारलं.
दोघंही काही बोलले नाहीत.
मी फडकं खाली ठेवलं.

खुंट्या उलट्या फिरू लागल्या.
सहावी तार उतरत गेली,
आधी सूर गेला, मग नुसती घरघर,
मग घरघरही लाकडात मुरली.
पण खुंटीवरचे वेढे सुटेनात.
गंजाने एकमेकांना धरून बसलेले.
बाय, कापावंच लागेल.

झुल्मिरा दाराशी गेली.
समोर मोंते कारा,
आभाळाकडे तोंड करून झोपलेला डोंगर.
त्याच्याकडे बघत म्हणाली: काप.

पक्कड माझ्या हातात होती.
कट्.
काहीच दचकलं नाही.
लाकूड नाही, तिची पाठ नाही.
मीच थोडी.

सहा वेळा.
फरशीवर पडलेल्या तारा
लगेच वेटोळं करून बसल्या.
सुंभ जळला तरी म्हणतात ना,
इथे तर काही जळलंही नव्हतं.

मग तिने पाकीट काढलं.
नव्या तारा त्यानेच पाठवलेल्या.
चिठ्ठी नव्हती.
किंमतीचं लेबल तेवढं नखाने खरवडलेलं,
भेटवस्तूचं खरवडतात तसं,
आणि शेवटचा आकडा तरीही राहिलेला: नऊ.

नव्या तारा ओवल्या, पिळल्या, चढवल्या.
न्यॉ बाल्तांनी एक सूर छेडला, कान लावला,
तोवर तो उतरलाही.
दोन दिवस दे हिला, म्हणाले,
नव्या तारेला ताणाची सवय नसते.
चढवशील, उतरेल. पुन्हा चढवशील, पुन्हा उतरेल.
चिडायचं नाही.
मला कुठे वाजवता येतं, झुल्मिरा म्हणाली.
मग वाजवू नकोस. नुसती चढवत राहा.

शेवटी उरलेली शेपटं छाटली.
ती मी नेहमी सार्डिनच्या डब्यात टाकते,
नाहीतर नातवाच्या पायात जातात.
पहिल्या तारेचं शेपूट मात्र,
वीतभर, लखलखीत,
त्यांनी दोन बोटांना गुंडाळून घेतलं
आणि त्याने बकरीच्या दुधाचं चीज कापलं.
तार जाताना चीजला कळतही नाही.
चार तुकडे झाले.
आम्ही तिघंच होतो.