पाटी

टिमकीच्या बंद शाळेत खाटा पडल्या
आणि पाटीचं काम माझ्याकडं आलं :
बेघर निवारा केंद्र.

मे महिना. रंग ब्रशवरच वाळायचा.
'बेघर' झटकन झालं.
'नि'ची वेलांटी दोनदा पुसली.

शाळेत मास्तर सांगायचे,
निवारा म्हणजे निवारण. अडवणं, थोपवणं.
म्हणजे शब्दात घर नाहीच कुठं,
नुसता आडवा धरलेला हात.

आतून गिरजाबाई हेडाऊ चाय घेऊन आली.
"घ्या जी. पन निवू द्या पयले."

निवू द्या.
मी शिडीवरच थांबलो.
चाय निवते, तवा निवतो,
रात्री दोननंतर कधीतरी भिंतही.
कोशात हे शब्द सख्खे नसतील,
पण सत्तेचाळीस अंशांत
कोण कोणाची कुळी विचारतं?

"घर नव्हतं का बाई?"
तिनं बशीत फुंकर घातली.
"होतं न जी.
आतून कडी नव्हती."

मग बराच वेळ फक्त कूलरची घरघर.

'रा'चा काना मी
मापापेक्षा चार बोटं लांब ओढला.
बिलात लावला नाही.