दक्षिण किनाऱ्याची बोली

तार्तू शहरात, घड्याळं दुरुस्त करायच्या दुकानामागच्या खोलीत
दर गुरुवारी चार-पाच माणसं जमतात
आणि नसलेल्या बेटाच्या क्रियापदांवरून भांडतात.
बेटाचं नाव सोइवे. नकाशा काल्योचा.
जन्मभर सरकारी जमिनी मोजल्या त्याने,
निवृत्त झाला तेव्हा म्हणाला, आता नसलेली मोजतो.
भाषा हेल्दुरची.

यांच्या मायबोलीला चौदा विभक्त्या.
(आम्ही शाळेत आठांनीच घायकुतीला यायचो.)
तरी रीनला आणखी एक हवी:
उसनी दिलेली, परत न आलेली वस्तू
ज्या विभक्तीत राहते, ती.
प्रीत म्हणाला, छत्रीला विभक्ती लागत नाही,
नेणाऱ्याला लाज लागते.
प्रीत हे इथे पुरुषाचं नाव,
आणि हा पुरुष पियानो जुळवतो,
माणसांशी जुळवून घेत नाही.

सोइवीत नुसतं बोलून भागत नाही.
वाक्य संपताना सांगावं लागतं, तुला हे कळलं कसं.
पाहिलं असेल तर शेवटी -रा.
ऐकलं असेल तर -वू,
आपण 'म्हणे' लावून मोकळे होतो तसं.
नुसता अंदाज असेल तर -शे.
साक्षीशिवाय तिथे पाऊसही पडत नाही.

हेल्दुर ऑगस्टात गेला.
नोव्हेंबरात उर्वे आली, त्याची बायको, पहिल्यांदाच,
शेजारच्या मुलाचा दंड धरून.
एका हातात पांढरी काठी.
मुलाच्या काखेत बुटांची तीन खोकी, त्यात शब्दांची कार्डं,
वर एक फुगलेली वही.
तीस वर्षं दोघं स्वयंपाकघरात सोइवी बोलायची:
मीठ दे. दार लाव. तुझा भाऊ मूर्ख आहे.
व्याकरणाची वही तिने कधी वाचली नव्हती.
वाचणार कशी.

चहा आला. तिने कपाभोवती दहाही बोटं ठेवली
आणि सोइवीत म्हणाली,
चहा गरम आहे-रा.
हेल्दुरचा कोट अजून खुंटीवर आहे-रा.
कॉलर उसवली आहे-रा.

प्रीतला राहवेना.
चुकतंय, म्हणाला. तुम्ही पाहिलेलं नाही.
नियमाने -शे.
रीनने टेबलाखालून त्याच्या नडगीवर लाथ घातली.
उर्वे म्हणाली, मी हे असंच बोलत आले.
त्याने कधी टोकलं नाही.

वही उघडली. प्रीतनेच उघडली, पुरावा दाखवायला.
पान एकशे बारा. समासात पेन्सिलीचं मुंगीएवढं अक्षर:
दक्षिण किनाऱ्यावरची माणसं हातांनीही पाहतात.
तिथे -रा बरोबर.
खाली तारीख. लग्नानंतरचा दुसरा हिवाळा.

काल्योने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.
त्याच्या नकाशात दक्षिणेला किनारा नव्हताच,
निळी शाई होती नुसती.
मला का नाही सांगितलं त्याने,
हे तो एस्टोनियनमध्ये बोलला, बेट विसरून.

घरी आहे, उर्वे म्हणाली.
जाड दोऱ्याचा, डिंकाने चिकटवलेला.
तीन खाड्या. दुसऱ्या खाडीवर आमचं घर-रा.
एके ठिकाणी दोरा सुटलाय,
तिथे समुद्र थोडा आत आलाय.

पावाचे तुकडे बशीत तसेच राहिले.
रीनने नवं कार्ड घेतलं, 'पाहणे' लिहिलं,
पुढची जागा मोकळी सोडली.
भिंतीवरच्या दुरुस्तीच्या घड्याळांत
सहा वेगवेगळे वाजले होते.

निघताना बाहेर मिट्ट काळोख, गल्लीतला दिवा गेलेला.
बर्फ पडतोय, प्रीत सोइवीत म्हणाला,
आणि शेवटाशी येऊन अडला.
मोजा काढला. हात दाराबाहेर धरला, बराच वेळ.
मग उर्वेकडे वळून, जरा हळू:
-रा?