खालचा होज

ऑटोमोटिव्ह चौकाच्या अलीकडे, कामठी रोडला,
मेच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी अडीचला
आम्ही गाडीतला हीटर लावला.
फुल.
रसवंतीचा पोऱ्या बर्फाची लादी खांद्यावर घेऊन
थांबून बघत राहिला, बर्फ गळत राहिला.

कारण हवा अडकते.
इंजिन बदललं की पाण्याच्या वाटा बदलतात,
कुठल्याशा वळणावर एक बुडबुडा दबा धरून बसतो
आणि पाणी त्याच्याशी भांडत नाही,
अलीकडेच थांबतं.
म्हणून पुढची चाकं फळ्यांवर, रेडिएटरचं झाकण उघडं,
हीटरचा खटका उजवीकडे शेवटपर्यंत,
आणि बसायचं.

गाडी बोंदरे काकांची. त्र्याण्णवची अँबेसेडर,
पोटात आता वाडीच्या भंगारातलं इसुझू डिझेल.
काका पस्तीस वर्षं कोराडीला, कूलिंग टॉवरच्या पायथ्याशी.
"पाणी थंड करायचं मले सांगू नका," म्हणाले
आणि वाळ्याच्या कूलरपुढे खुर्ची ओढून
घोरायला लागले.

थर्मोस्टॅट मी सकाळीच गंजात उकळला होता,
दोरीला टांगून, शेजारी थर्मामीटर धरून.
ब्याऐंशीला तो उघडला,
झोपेतल्या कोंबडीनं एक डोळा उघडावा तसा.
(त्या गंजात नंतर चहा झाला. कोणाला सांगितलं नाही.)

काट्याचं मात्र जमलं नाही.
मीटर जुना, सेन्सर नव्या इंजिनाचा,
एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना.
इंजिन तापून धपापतंय
आणि काटा तळाशी निवांत.
काट्याच्या मते नागपुरात थंडी पडली होती.

"त्याचं आयकू नको," मडावी उस्ताद म्हणाले, "हात लाव."

कोणी म्हटलं, गाडीला नवं काळीज बसवलं, की उस्ताद चिडतात.
"काळीज काऊन म्हनता बे?
पानी कुठून येते, कुठं जाते, थेवढं पाहा."

वरचा होज तापला. खालचा गार.
म्हणजे दार अजून बंद.
उस्तादांनी खालच्या होजवर तळवा ठेवला,
बेअरिंगची घरघर बोटांनी ऐकणारा तो हात,
आणि डोळे मिटले.
रेडिएटरच्या तोंडाशी मी, हिरव्या पाण्यावर नजर.
एक बुडबुडा आला, मग तीन-चार बारके,
मग एक मोठा, जेवणानंतरच्या ढेकरासारखा,
आणि पाणी वीतभर खाली गेलं.
मी मगभर ओतलं. अजून अर्धा.
मग ते हललं. आतून ओढ लागल्यासारखं
एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वाहायला लागलं.

"नाई आलं अजून," उस्ताद म्हणाले.

मी त्यांच्या हाताशेजारी हात टेकवला
आणि झटक्यानं मागे घेतला.
त्यांचा तिथंच होता.

दोन वर्षांची शुगर.
मागच्या हिवाळ्यात पायातली एक चप्पल कुठं सुटली
ते त्यांना घरी जाऊन कळलं होतं,
आणि आम्ही सगळे हसलो होतो.

"आलं, उस्ताद," मी म्हणाले. "आत्ताच."

त्यांनी हात उचलला, उलटा केला, सुलटा केला,
दुसऱ्याच कोणाचा असावा तसा बघितला.
चिंधीला पुसला.
"मंग पंखा पाय, पोरी. अन् खालचा होज आजपासून तुह्याकडं."
एवढंच. जणू पाना हातात दिला.

चाचणीला काका स्वतः चालवत गेले,
कोराडीपर्यंत आणि परत,
खिडक्या उघड्या, कारण हीटरचा खटका
जागेवरच अडकून बसला होता.
शर्ट पिळून काढावा असे घामेघूम उतरले.
"मस्त चालते," म्हणाले.

रात्री इंजिनखाली पुठ्ठा सरकवला.
सकाळी तो कोरडा होता, ठिपका नाही.
उस्ताद यायच्या आत
मी मेडिकलमधून बर्नोलची ट्यूब आणली.
हातात दिली तर रागावतील,
म्हणून त्यांच्या डब्यात
दहा-अकराच्या पान्याखाली ठेवून दिली,
तो पाना त्यांना सगळ्यात आधी लागतो.