परत आलेल्यांचं कपाट

कास्त्रोच्या बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमचं हार्डवेअरचं दुकान.
मागच्या खोलीत एक कपाट आहे,
परत आलेल्यांचं.
जळक्या मोटारी, तडकलेली बटणं,
सहा महिन्यांत म्हातारी झालेली ड्रिल.
गिऱ्हाइकापुढे त्याचं नाव काढायचं नाही,
अशी मालकांची ताकीद.

मंगळवारी एर्सीरा बार्रिया आली,
किंचाओ बेटावरून, शाल निथळत.
मी काउंटरवर दोन ड्रिल ठेवली.
एक वीस हजार पेसोंचं, पिवळं, खेळण्याइतकं हलकं.
दुसरं एक लाख तीस हजारांचं.

तिनं चालू करून पाहिलं नाही.
पिवळ्याचं तोंड चिमटीत धरून हलवलं, म्हणाली,
याचा दात हलतोय.

गॅरंटी किती?
याची एक वर्ष, त्याची पाच.
आणि माझी?
एकाहत्तर वर्षांची बाई विचारतेय,
मी पावतीपुस्तकात डोकं घातलं.

मग सांगत बसली, घाई नसल्यासारखी:
रोसेंदोची होडी ओहोटीला वाळूत टेकूंवर उभी,
एकेचाळीस भोकं बाकी,
आणि असंच एक स्वस्तातलं हातात धुरावलं.
समुद्र काय, दिलेल्या वेळेला येतोच.
सासऱ्याचा हातानं फिरवायचा गिरमिट काढला,
मी कंदील धरला,
चौदाव्या भोकाला पाणी घोट्यापर्यंत,
शेवटच्याला कमरेपर्यंत.
होडी वाचली.
त्याचं मनगट मात्र नंतर कधी
भाकरीसुद्धा धड तोडू शकलं नाही.

मला वाटलं, आता महागाकडे बोट दाखवील.
तर विचारते, तुझ्या घरी कुठलं आहे?
खोटं बोलता आलं असतं.
म्हटलं, पिवळंच.
दोन फळ्या, एक आरसा, पाळण्याचा आकडा,
चार वर्षांत एवढंच काम पडलं त्याला.
मग तुला तेच बरं, म्हणाली,
उगाच सिंहाला बांधून ठेवायचं कशाला.

तिला मात्र नातीसाठी होडी बांधायची होती.
नोटा मोजल्या. धुरावलेल्या शिंपल्यांचा वास येत होता त्यांना.
आठ हजार कमी पडले.
मी मालकांकडे पाहिलं.
मालक खिडकीबाहेर पाहत होते,
जिथे धुक्याशिवाय काहीही नव्हतं.

ऑक्टोबरात ती पुन्हा दारात,
काखेत तोच खोका.
पोटात गोळा आला माझ्या.
हात आपोआप कपाटाच्या किल्लीकडे गेला.

खोक्यात आठ हजार पेसो,
वर्तमानपत्रात गुंडाळलेले शिंपले.
आणि ड्रिल?
ते होय, ती म्हणाली,
होडी झाली त्याच दिवशी शेजारचा घेऊन गेला,
त्याच्याकडून त्याच्या मेव्हण्यानं नेलं,
आता म्हणे देवळाच्या छपरावर आहे.
चांगली वस्तू घेतली की हे असंच.

मग जरा थांबून:
ते पिवळं अजून आहे का रे?
एक घरात ठेवायला दे.