बुडबुडा

चाळीस वर्षं मी लोकांच्या सायकलींची पंक्चरं काढली,
लेवार्डनमध्ये, कालव्यावरच्या उचलत्या पुलापाशी.
ट्यूब फुगवायची, बादलीत बुडवायची,
हळूहळू फिरवायची
आणि गप्प बसायचं.
कुठे आहे ते बुडबुडा स्वतःच सांगतो.

मग माझ्याच छातीत काहीतरी अडायला लागलं.
आधी राईचा काळा पाव. मग बटाटा.
मग सफरचंदाची फोड. सीत्स्के ती किसून द्यायला लागली,
जणू मला दातच यायचेत अजून.
मी म्हटलं, वय झालं.
ती म्हणाली, वय घशात अडकत नाही.

डॉक्टर आफ्के रौर्दा. लांब बोटं, चिखलाचे बूट.
(सायकलवरून येते. मागचा ब्रेक घासतो तिचा,
खिडकीतून ऐकलं मी.)
"कर्करोग नाही," हे ती आधी बोलली,
खुर्ची ओढायच्याही आधी.
मग पडद्यावर दाखवलं:
अन्ननलिकेच्या भिंतीत गोल सावली, अक्रोडाएवढी.
तुम्ही आईच्या पोटात पाच आठवड्यांचे होता, म्हणाली,
तेव्हा नळी एकच होती.
तिच्या दोन झाल्या,
एक श्वासाची, एक घासाची.
वाटणीत एक थेंब कुणाच्याच वाट्याला गेला नाही.

"श्वासनळीसारखी बारीक लव आहे तिला आतून.
ती अजून झाडत असते."
कुठे झाडते?
"कुठेच नाही. दार नाही ना तिला."

दुर्मीळ आहे म्हणे. तिच्या नोकरीत मी तिसरा.
मला उगाच अभिमान वाटला.

म्हणजे त्रेसष्टचा तो हिवाळा.
कालवे दगडासारखे झालेले,
आई बर्फावरून घसरगाडी ओढत दुधाला जायची.
तिच्या पोटात मी, माझ्या पोटात ती गाठ,
दोघंही मोहरीएवढी.

बापाची छाती उघडली होती, वेगळ्या दुखण्यासाठी.
बगलेखालून पाठीपर्यंत व्रण.
पोहायला गेला की पोरं टाके मोजायची
आणि तो मोजू द्यायचा.
मी विचारलं, मलाही तसंच?
तिने पेन काढलं, बरगड्यांमध्ये तीन ठिपके दिले.
एकातून डोळा जाणार, दोनांतून हात.
स्नायूचे धागे कापायचे नाहीत, नुसते बाजूला सारायचे.
गाठ सोलून घ्यायची,
खालचं अस्तर न फाडता.
म्हणजे टायर उतरवायचा, म्हटलं,
पण ट्यूबला चिमटा बसू द्यायचा नाही.
ती हसली नाही. "बरोबर तसंच," म्हणाली.

आणि फाटलं अस्तर, तर कळणार कसं?

"छातीत पाणी भरतो.
तोंडावाटे आत नळी असतेच, तिच्यातून हवा सोडतो.
आणि बघत..."

पुढचं मीच सांगितलं तिला.

ऑपरेशनचं मला काय ठाऊक, मी झोपलो होतो.
यिल्दौ नावाच्या नर्सने नंतर सांगितलं:
उजवं फुप्फुस छत्रीसारखं मिटून ठेवलं होतं,
रेडिओ चालू होता, कुणीतरी हवामानावर बोलत होतं.
शेवटी डॉक्टरने हात वर केला
तेव्हा रेडिओ बंद केला.
सगळे पाण्याकडे बघत होते.
पाणी नुसतं पाणी राहिलं.

तिसऱ्या दिवशी दुधाची खीर, चमच्याच्या टोकावर.
सीत्स्के माझ्या तोंडाकडे नाही,
गळ्याकडे बघत होती.

गाठीचं काय केलं, मी विचारलं.
बरणीत घालून तपासायला पाठवली, म्हणाली यिल्दौ.
चिठ्ठीवर माझं नाव, माझीच जन्मतारीख.
चुकलीच की तारीख, मनात आलं.
तिचा जन्म माझ्या आधीचा,
त्या बर्फातला.
आईला ओळखणारं असं आता दुसरं कोण उरलंय?

वेड्यासारखा आवंढा आला.
गिळला.

सरळ खाली गेला, कुठेही न थांबता.