दोन वर्तुळं

कारेलीबागेतल्या आमच्या प्लॉटची मापं
अजून तोंडपाठ आहेत: चाळीस बाय साठ,
उत्तरेला सोसायटीची भिंत,
पश्चिमेला तलाटीसाहेबांचं गॅरेज.
प्रतापनगरच्या रेल्वे कचेरीत एकतीस वर्षं
पुलांचे, पाण्याच्या टाक्यांचे नकाशे काढले,
म्हणून झाडंही आधी कागदावर लावली.

आसोपालवाला भिंतीलगत तीन फुटांचं वर्तुळ.
बकुळीला मधोमध वीस.
शैलजा चष्मा पुसत म्हणाली,
एवढी मोठी व्हायला किती वर्षं लागतील?
मी म्हटलं, स्केलला वय नसतं.
ती म्हणाली, आपल्याला असतं.

नर्सरीवाला गोरधन बकुळ म्हणतच नाही.
बोरसल्ली म्हणतो,
आणि म्हणताना त्याचा आवाज जरा खाली येतो.
त्याने पिशव्या फाडून मुळं दाखवली:
आसोपालवाची आत गोल गोल फिरून दमलेली,
बकुळीचं एकच, खाली जाणारं, हट्टी.
याचा शेंडा खुडायचा नाही, म्हणाला,
खुडलात तर केरसुणी होईल.
हिच्या खालच्या फांद्या मात्र काढत जा,
नाहीतर झुडूपच राहील म्हातारपणापर्यंत.
कुणाच्या, ते त्याने सांगितलं नाही.

बोअरचं पाणी खारं.
पहिल्याच उन्हाळ्यात आसोपालवाच्या पानांची टोकं
विस्तवाला लावल्यासारखी करपली.
मग त्याला नळाच्या दोन बादल्या, एकाआड एक दिवस.
बकुळीला काहीही चाललं,
आणि कशानेही ती वाढली नाही.
पावसाळ्यात त्याच्यावर हिरव्या अळ्या आल्या,
कोवळी पानं शिरांपर्यंत खाल्ली.
मी फवारणीचा पंप काढला,
शैलजाने तो माळ्यावर नेऊन ठेवला.
पंधरा दिवसांनी काळ्या पंखांवर
पोपटी ठिपके घेऊन कुणी कुणी उडालं.

चौथ्या वर्षी तो गच्चीला लागला.
ती माझ्या छातीपाशी.
दिवाळीला अख्ख्या गल्लीची तोरणं त्याच्यावर झाली,
ज्योत्स्नाबेन शिडी घेऊनच येत.
रात्री वटवाघळं त्याची फळं चोखून
बिया तलाटींच्या गाडीवर टाकत,
त्याची बोलणी आम्हाला.
बकुळीबद्दल कुणीच तक्रार केली नाही.
कुणाला ती दिसतच नव्हती.

मग त्या भाद्रपदात विश्वामित्री अंगणात आली
आणि दोन दिवस बसून राहिली.
पाणी उतरल्यावर मी टेप घेऊन गेलो:
भिंतीवर, गॅरेजच्या दारावर, दोन्ही खोडांवर
गाळाची एकच रेघ, दोन फूट सात इंच.
वर कितीही फरक असो,
त्या रेघेपर्यंत दोघं बरोबरीचे.
फावड्याने गाळ ओढताना
मी दोघांच्याही बुंध्याला हात लावून पाहिला,
ताप बघावा तसा.

नवव्या वर्षी वैशाखात, सकाळी,
शैलजा नळापाशी वाकली.
वाटलं, डाळीचं टरफल उचलतेय.
हातावर ठेवलं तर कातरलेल्या कडांची चांदणी,
माझ्या करंगळीच्या नखाएवढी,
मधोमध भोक आधीच पाडलेलं,
म्हणजे ओवायला सुईही नको.
एकुलतं एक. ओवणार कशाला?
माझ्या जुन्या कंपासपेटीत टाकलं
आणि विसरलो.

श्रावणात गटाराचा उतार काढायला पेटी उघडली.
फूल सुकून तपकिरी झालेलं, वास ताजा.
डिव्हायडरला, कोनमापकाला, खोडरबरालासुद्धा.
नकाशा काढून बसलो.
त्याच्या कोपऱ्यात खुणांची यादी असते:
भिंत, नळ, गटार, झाड, विजेचा खांब.
वासाची खूण आमच्या खात्यात
कुणी ठरवलीच नव्हती.
पेन्सिल टोकदार केली, ठेवून दिली.

बकुळीचं वर्तुळ अजून बारा फूट रिकामं आहे.
मुलगा म्हणतो, तिथे गाडी मावेल.
मावेल, मी म्हटलं, पण आडवी.

उद्या आसोपालवाची पाळी.
दोन बादल्या. नळाच्या.